आपल्या भागातला दवाखाना आणि काळजीसेवा सुधारायला उतरताय? मग सुरुवात इथून करा

दवाखान्यात तासन्‌तास बसावं लागतं, आजीची काळजी घ्यायला घरी येणारी बाई सारखी बदलते, दिव्यांग मुलाच्या कागदांसाठी कुठल्या खिडकीवर जायचं ते कुणी धड सांगत नाही. अशा गोष्टी आपण एकमेकांना सांगतो, चिडतो आणि तिथेच सोडून देतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना आता ते तिथे सोडायचं नाहीये, पण नेमकं कुठून धरायचं ते कळत नाहीये. यासाठी डॉक्टर असायची गरज नाही, मोठ्या ओळखी लागत नाहीत, संस्था रजिस्टर करायचीही घाई नको. चार-सहा माणसं आणि वर्षभर टिकायची तयारी असली की पुरे. वर्षभर असं मुद्दाम लिहिलंय, कारण महिन्याभरात थकून जाणारे ग्रुप खूप असतात आणि त्यांच्यामुळे पुढच्या ग्रुपवर लोक विश्वास ठेवत नाहीत.

आणि हो, हे कुणावर उपकार म्हणून किंवा कुणाकडे याचना म्हणून करायचं काम नाही. १९७८ साली अल्मा-आटाला (आताचं कझाकस्तानातलं अल्माटी शहर) प्राथमिक आरोग्यसेवेवर जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली तिच्या जाहीरनाम्यातच स्पष्ट म्हटलंय की आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत एकेकट्याने आणि मिळून भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे, आणि कर्तव्यही. कुणी विचारलं ना, की तुम्ही कोण लागून गेलात, तर हे शांतपणे सांगता येतं.

पहिलं काम: प्रश्न बारीक करा

"आरोग्यसेवा सुधारली पाहिजे" या वाक्याला सगळे माना डोलावतात आणि नंतर कुणालाच काही करता येत नाही. प्रश्न इतका बारीक करा की तो एका वाक्यात मावला पाहिजे आणि ऐकणाऱ्याला लगेच चित्र दिसलं पाहिजे. म्हणजे "ओपीडीत फार गर्दी असते" असं नको, "रिपोर्ट दाखवायला आलेले आणि नव्याने तपासायला आलेले सगळे एकाच लाइनीत उभे असतात, त्यामुळे दोन मिनिटांच्या कामाला अख्खी सकाळ जाते" असं हवं. किंवा "घरी येणारी सेवा वाईट आहे" असं न म्हणता "बाई बदलली की नव्या बाईला पेशंटच्या गोळ्यांच्या वेळा माहीत नसतात, कारण घरात लिहिलेली नोंदच नसते" असं.

पहिला प्रश्न निवडताना एक बघा, त्या केंद्राच्या इन्चार्जला तो स्वतःच्या सहीने सोडवता येतो का. डॉक्टरची रिकामी जागा भरणं, नवी बिल्डिंग, नवी मशीन हे सगळं महत्त्वाचंच आहे पण ते वरून ठरतं आणि त्याला काळ लागतो. आधी एखादी अशी गोष्ट मिळवा जी दोन-तीन महिन्यांत लोकांना डोळ्यांनी दिसेल. वेगळी लाइन, मोठ्या अक्षरातली पाटी, व्हीलचेअर आत जाईल असा रॅम्प, फोन उचलायची ठरलेली वेळ. या गोष्टी काही जणांना किरकोळ वाटतील, पण ज्या माणसाला दोन पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी रॅम्प म्हणजेच दवाखाना उघडा आहे की बंद आहे याचं उत्तर असतं.

मग शोधा की निर्णय नक्की कुणाच्या हातात आहे

तीन गोष्टी वहीत लिहून काढा: सेवा चालवतं कोण, पैसे देतं कोण आणि तपासणी कोण करतं. पुष्कळदा हे तिघे वेगवेगळे असतात आणि नवीन लोक इथेच अडकतात. काळजीसेवांमध्ये तर हे जास्तच होतं, पैसे सरकारचे किंवा पालिकेचे, चालवायला खाजगी एजन्सी किंवा संस्था, आणि तपासणीला तिसरंच ऑफिस. तुम्ही एजन्सीच्या माणसाशी सहा महिने भांडता आणि मग कळतं की एका घरात किती मिनिटं थांबायचं ते त्याच्या करारातच लिहिलेलं आहे, तो बिचारा ते बदलूच शकत नाही. म्हणून करार, सेवेचे ठरलेले निकष, नागरिकांची सनद असं जे काही जाहीर कागदपत्र असेल ते आधी मिळवा. जिथे माहितीचा अधिकार आहे तिथे अर्ज टाका, पण त्याआधी एकदा साधं जाऊन मागून बघा. कितीतरी वेळा कागद तसाच हातात मिळतो, आणि अर्जाने सुरुवात केली की समोरचा पहिल्या दिवसापासून सावध होऊन बसतो.

नवीन काही उभं करायच्या आधी, असलेली खुर्ची शोधा

खूप ठिकाणी लोकांसाठी जागा कायद्याने किंवा नियमाने आधीच ठेवलेली असते, फक्त ती रिकामी असते किंवा कुणाच्या तरी ओळखीतल्या माणसाने भरलेली असते. ब्राझीलमध्ये १९९० च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेपासून देशपातळीपर्यंत आरोग्य परिषदा आहेत आणि त्यातल्या निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्या लोकांच्या असतात. इंग्लंडमध्ये २०१५ पासून प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला पेशंट लोकांचा ग्रुप ठेवणं करारातच बंधनकारक केलं. थायलंडमध्ये २००७ च्या कायद्यानंतर राष्ट्रीय आरोग्य सभा भरायला लागली जिथे सरकारी लोक, तज्ज्ञ आणि सामान्य नागरिक एकत्र बसून ठराव करतात. भारतात गावपातळीवरच्या आरोग्य समित्या आणि सरकारी दवाखान्यांच्या रुग्ण कल्याण समित्या आहेत.

तर तुमच्याकडे असं काय आहे ते विचारा: समिती आहे का, सभासद कोण, शेवटची मीटिंग कधी झाली, इतिवृत्त बघायला मिळेल का. नुसतं हे विचारल्यानेसुद्धा झोपलेली समिती जागी होते. असलेल्या समितीत एक खुर्ची मिळाली तर नव्या ग्रुपपेक्षा ती कितीतरी मोलाची, कारण तिथे घेतलेला निर्णय कागदावर येतो. काहीच नसेल तर मग आपला ग्रुप करा, पण साधा ठेवा, एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, एकाने लोकांना जोडायचं.

लोकांचं ऐकणं, आणि इथे घाई करू नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक ग्रुप काय करतात, दहा प्रश्नांचा ऑनलाइन फॉर्म बनवतात, व्हॉट्सॲपवर फिरवतात, दोनशे उत्तरं येतात आणि झालं सर्वेक्षण. पण तो फॉर्म भरणारे कोण असतात? ज्यांच्याकडे फोन आहे, वेळ आहे, वाचता येतं आणि ज्यांना एकूणच बोलायची सवय आहे. सेवेची सर्वात जास्त गरज असलेली माणसं त्यात नसतात. अंथरुणाला खिळलेले, रात्रपाळी करणारे, ऐकू न येणारे, वेगळी भाषा बोलणारे, मानसिक आजार असलेले, आणि घरातल्या आजारी माणसाला एक तासही सोडून जाता येत नाही असे सांभाळणारे. या माणसांपर्यंत तुम्हालाच जावं लागतं, त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या दारात.

दिव्यांग चळवळीची एक घोषणा आहे, "आमच्याविषयी काहीही, आमच्याशिवाय नको", आणि २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात तर सरकारांनी निर्णय घेताना दिव्यांगांशी, त्यांच्या संघटनांमार्फत, सल्लामसलत केलीच पाहिजे असं कलम आहे. म्हणून आई-वडिलांशी किंवा नवऱ्याशी बोललात तरी त्या माणसाशी स्वतः बोला. वेळ लागेल, कधी चित्रं दाखवावी लागतील, कधी नुसतं हो-नाही मिळेल, तरी बोला.

विचारायचं कसं? "तुम्ही समाधानी आहात का" हा प्रश्न अजिबात विचारू नका. लोक "बरं आहे की" म्हणतात. काही जण भिडेपोटी, काही जण भीतीने, की तक्रार केली तर आहे तेही बंद होईल. त्याऐवजी म्हणा, "मागच्या वेळी गेलात ना, तेव्हा घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत काय काय झालं ते सांगा." मग माणूस आपोआप बोलायला लागतो, रिक्षा कुठे थांबली, कुणाला विचारलं, किती वेळ उभं राहावं लागलं, डॉक्टर काय म्हणाले आणि त्यातलं काय समजलं नाही. अशा गप्पांमधून कळतं की अडचण जिथे वाटली होती तिथे नसतेच, म्हणजे तपासणी चांगली होते पण पुढच्या तारखेची चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून माणूस परत येत नाही, असंही निघू शकतं.

काही नियम मात्र पहिल्या दिवशी ठरवून घ्या. कुणाचं नाव, आजार, रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, कधीच नाही, परवानगी असली तरी शक्यतो नाही. लिहून घेताना "साठीतल्या बाई, एकट्या राहतात" इतकंसुद्धा लहान वस्तीत ओळखायला पुरतं, तेव्हा जपून. वृद्धाश्रमात किंवा डे-केअरमध्ये स्टाफ शेजारी उभा असताना विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, त्यामुळे आधीच परवानगी घेऊन वेगळं बसायची सोय करा. आणि ऐकताना मारहाण, उपाशी ठेवणं, पैसे काढून घेणं, औषध मुद्दाम न देणं असं काही समोर आलं तर ते तुमच्या मोहिमेचं उदाहरण म्हणून जपून ठेवायचं नाही, लगेच जबाबदार अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे न्यायचं. तो फोन कोण करणार हे आधीच ठरलेलं असू द्या, ऐन वेळी सगळे एकमेकांकडे बघत राहतात.

गोष्टींच्या जोडीला थोडे आकडेही घ्या. फार शास्त्रीय काही नको. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळेला, असं दोन-तीन आठवडे जाऊन बसा (केंद्राला सांगून) आणि नंबर घेतल्यापासून आत जाईपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहा. गोष्ट ऐकून लोक हलतात पण साहेब म्हणू शकतात की तो एकच प्रसंग होता. आकडा असला की तसं म्हणता येत नाही. दोन्ही हवं.

स्टाफशी आधी बोला, बैठकीत थेट भिडू नका

खूप जणांना वाटतं की स्टाफ म्हणजे समोरची पार्टी. माझं मत अगदी उलट आहे. नर्स, आशा, वॉर्डबॉय, घरोघरी जाणाऱ्या काळजीवाहक बायका, यांना सेवेत कुठे काय सडलंय ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि त्यांचंही कुणी ऐकत नसतं. ज्या सिस्टरवर लोक चिडतात ती दोन माणसांचं काम एकटी करत असू शकते. म्हणून मोठ्या बैठकीआधी त्यांच्याशी वेगळं बसा आणि त्यांनाही तोच प्रश्न विचारा, तुमचा कालचा दिवस कसा गेला ते सांगा.

यासाठी एक चांगली पद्धत आहे, सामुदायिक गुणपत्रक. केअर नावाच्या संस्थेने ती मलावीमध्ये २००२ च्या सुमारास विकसित केली आणि नंतर ती बऱ्याच देशांत वापरली गेली. त्यात सेवा वापरणारे लोक आपसात बसून मुद्दे ठरवतात आणि प्रत्येक मुद्द्याला गुण देतात, स्टाफ वेगळा बसून तेच करतो, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून एकत्र बैठक होते. मजा अशी की काही मुद्द्यांवर दोघांचे गुण जवळपास सारखे येतात, म्हणजे औषधं संपलेली असतात हे दोघांनाही टोचत असतं, आणि तिथेच "आपण मिळून वर मागू" हे सुरू होतं. महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात जी लोकाधारित देखरेख सुरू झाली तिथेही गावागावांत लाल, पिवळा, हिरवा असे रंग देऊन सेवांचं प्रगतीपत्रक बनवायचे आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडलं जायचं. रंगांचा फायदा असा की ज्याला लिहिता-वाचता येत नाही तोही तक्त्याकडे बघून बोलू शकतो.

दुसरी पद्धत जरा निवांत आहे पण हॉस्पिटलच्या एखाद्या विभागासाठी फार छान चालते. इंग्लंडमध्ये ल्यूटन अँड डन्स्टेबल हॉस्पिटलमध्ये साधारण २००५-०६ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या सेवेसाठी ती वापरली गेली. पेशंटच्या मुलाखतींचं चित्रीकरण करायचं, ते स्टाफ आणि पेशंट दोघांनी मिळून बघायचं आणि कुठल्या क्षणी माणसाला आधार वाटला, कुठे तो खचला ते शोधून तेवढ्या जागा दोघांनी मिळून नव्याने आखायच्या. कॅमेरा नसेल तर परवानगीने रेकॉर्ड केलेला आवाजही चालतो.

बैठक

ठिकाण सगळ्यांना येता येईल असं, पायऱ्या नसलेलं, वेळ कामाच्या माणसांना जमेल अशी. अजेंडा आठवडाभर आधी, मोठ्या अक्षरात आणि एका पानात. मुद्दे जास्तीत जास्त तीन. कुणाचंही व्यक्तिशः नाव घेऊन आरोप नको, बोलायचं ते कामाच्या पद्धतीवर. आजारी किंवा दिव्यांग माणसांना सुरुवातीलाच बोलू द्या, ते थकतात आणि शेवटी त्यांचा नंबर येतो तेव्हा खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात.

आणि उठायच्या आधी प्रत्येक मुद्द्यापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत: काय करायचं, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत. "लवकरात लवकर बघू" हे उत्तर लिहून घेऊ नका, तारीख मागा. तारीख देता येत नसेल तर तारीख कधी सांगणार ती तारीख मागा. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं टाइप करून सगळ्यांना पाठवा, खाली एक ओळ टाका की यात काही चुकलं असेल तर अमुक दिवसात कळवा, नाहीतर हेच ठरलं असं धरू.

फॉलोअप, इथेच बहुतेक जण गळतात

युगांडातलं एक उदाहरण सांगतो, नीट वाचा. तिथे नऊ जिल्ह्यांतल्या ५० सरकारी दवाखान्यांवर एक प्रयोग झाला, निम्म्या ठिकाणी लोकांना दवाखान्याचं माहितीपत्रक देऊन लोकांच्या, स्टाफच्या आणि मग दोघांच्या मिळून बैठका घेतल्या, पुढे आढावाही घेतला. २००९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले आणि त्यात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. जगभर याची चर्चा झाली. पण नंतर त्याच देशात ३७६ आरोग्य केंद्रांवर याच धर्तीवर मोठा प्रयोग झाला तेव्हा उपचाराच्या दर्जात थोडी सुधारणा दिसली, मुलांच्या मृत्यूंवर परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ लोकसहभाग फुकट आहे असा मी लावत नाही. मी असा लावतो की पत्रक वाटून आणि बैठक घेऊन आपोआप काही होत नाही, ते त्या जागी कोण मागे लागतंय, स्टाफच्या हातात बदलायला काय आहे, वरचा अधिकारी ऐकतो का, यावर अवलंबून असतं. म्हणून बैठकीवर जितकी ताकद घालाल त्याच्या दुप्पट फॉलोअपला ठेवा. दर महिन्याला एकच माणूस, एकाच दिवशी, ठरलेल्या यादीवर विचारणा करणार असं पक्कं करा. फोन केला तर नंतर दोन ओळींचा मेसेज टाका की आज असं बोलणं झालं, म्हणजे नोंद राहते. तारीख चुकली तर एकदा आठवण, मग लेखी पत्र, मग समितीत किंवा वरच्या ऑफिसात, मग स्थानिक लोकप्रतिनिधी, मग पेपर. ही चढण त्याच क्रमाने चढा, थेट पेपरात गेलात तर खालचा माणूस कायमचा दुरावतो आणि काम त्याच्याच हातून करून घ्यायचं असतं.

जेव्हा काही होईल तेव्हा ते लोकांना सांगा, तुम्ही हे म्हणालात, त्यावर हे झालं, हे अजून झालं नाही आणि त्याचं कारण हे. एक कागद, दवाखान्याच्या दारावर आणि ग्रुपवर. ज्या आजोबांनी आपला तास देऊन सगळं सांगितलं त्यांना जाऊन तोंडी सांगा. हे केलं नाही तर पुढच्या वेळी कुणी बोलत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं.

नावापुरतं बोलावताहेत का ते ओळखा

१९६९ साली शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन बाईंनी नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं आणि अगदी वर लोकांच्या हातात नियंत्रण. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, हे येतं, आणि तिथे बहुतेक समित्या थांबतात. स्वतःला विचारत राहा: आम्ही बोललो त्यामुळे एखादा निर्णय बदलला का? अजेंड्यात आमचा मुद्दा टाकता येतो का? कागद मीटिंगच्या आधी मिळतात की आत गेल्यावर? बजेट दाखवतात का? सगळ्याला नाही असेल आणि फक्त फोटोला बोलावत असतील तर शांतपणे लेखी सांगा की पुढच्या मीटिंगपासून या दोन गोष्टी हव्यात, आणि मिळाल्या नाहीत तर येणं थांबवा आणि का थांबवलं तेही लिहून जाहीर करा. मत विचारणं वाईट नाही, पण निर्णय आधीच झालेला असताना विचारणं हा लोकांच्या वेळेचा अपमान आहे.

टीम जपायची तर

येण्याजाण्याचा खर्च, सांभाळणाऱ्यांच्या मागे घरी कुणाला बसवायचा खर्च, दुभाष्याचा खर्च, हे समितीकडे किंवा दवाखान्याकडे उघडपणे मागा. न मागितल्याने काय होतं तर ज्यांना परवडतं तेच येतात आणि मग तेच सगळ्यांच्या नावाने बोलत राहतात. बोलणारा माणूस दर काही महिन्यांनी बदला, नाहीतर तो एकटाच सगळ्यांना माहीत होतो आणि एक दिवस तो दमला की ग्रुप बंद. ज्यांनी स्वतःचा किंवा घरच्यांचा वाईट अनुभव पुन्हा पुन्हा सांगितलाय त्यांना मधून मधून सुट्टी द्या, ते सांगणं सोपं नसतं.

आणि एक फाइल ठेवा, कागदाची किंवा ऑनलाइन. त्यात अधिकाऱ्यांची पदं आणि ऑफिसचे नंबर, सगळ्या मीटिंगची इतिवृत्तं, पाठवलेली पत्रं पोचपावतीसकट, मोजलेले आकडे, आणि कुठलं वचन कुणी कधी दिलं त्याची यादी. लोकांच्या वैयक्तिक गोष्टी त्यात नकोत, त्या वेगळ्या आणि कुलपात, आणि काम झालं की नष्ट. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, नवा साहेब म्हणतो मला काही माहीत नाही, तेव्हा ही फाइल त्याच्या टेबलावर ठेवायची आणि जिथे थांबलं होतं तिथूनच पुढची तारीख मागायची.